रानलसूण ओळखताना

(मंडळाच्या फेब्रुवारी महिन्याच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आणखी तीन-चार आठवडे गेले की इझार नदीकाठच्या रानातून परतणाऱ्या माणसांच्या पिशव्यांमुळे आगगाडीच्या डब्यात लसणीचा वास सुटू लागेल. तो वास आला की आपल्या मंडळात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक वनभोजनाची आणि दुसरी त्या दिवशीच्या चटणीची. चिटणीसबाईंनी मला 'काहीतरी घरगुती विषयावर बोला' असे सांगितले, तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. मागून घेतला असे मुद्दाम म्हणते, कारण या बाबतीत आपल्यात मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे. ते मनात ठेवून पुन्हा रानात जाण्यापेक्षा इथे चहाच्या कपाबरोबर बोलून टाकलेले बरे.

ज्या भगिनी नुकत्याच म्युनिकला राहायला आल्या आहेत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देते. इकडे जिला बेअरलाउख म्हणतात ती ही रानलसूण. बेअर म्हणजे अस्वल. तिच्या शास्त्रीय नावातही, आलियम उर्सिनम या नावात, अस्वलच बसलेले आहे. लॅटिनमधील 'उर्सुस' आणि आपल्या संस्कृतातील 'ऋक्ष' हे शब्द एकाच मुळातून निघाले आहेत, तेव्हा आपण तिला ऋक्षलसूण म्हटले तरी चूक होणार नाही. पण एवढे नाव घेईपर्यंत चटणी वाटून होईल, म्हणून रानलसूणच म्हणू.

झाडांना पालवी फुटण्यापूर्वी, ऊन अजून जमिनीपर्यंत पोचते त्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारीची अखेर ते मार्च, ती वर येते. ओलसर माती आणि पानगळीच्या झाडांची सावली तिला मानवते. एकदा जागा मानवली की ती सगळी जमीन व्यापून टाकते. एंग्लिशर गार्टनमध्ये पाहा, पाय ठेवायला जागा उरत नाही. एप्रिलच्या अखेरीस आणि मे महिन्यात तिला पांढऱ्या चांदणीसारख्या, सहा पाकळ्यांच्या फुलांचे झुबके येतात आणि पुढे उन्हाळ्यात पाने पिवळी पडून सगळे नाहीसे होते. आपण खातो ती पाने. कांदा जमिनीत असतो, बारीक, लांबट, पांढरा. त्याला हात लावायचा नाही.

आपल्या बायकांना ती का आवडते हे मी सांगायला नको. लसणीची कोवळी पात इकडच्या दुकानात सहसा मिळत नाही. थंडीत बाजारात जुड्या यायच्या, त्यांची चटणी आणि गरम बाजरीची भाकरी. ती आठवण ज्या जिभेला आहे तिला हे पान पहिल्याच घासाला आपले वाटते. मला स्वतःला ते फार प्रिय आहे. तेव्हा 'खाऊ नका' हे सांगायला मी उभी राहिलेली नाही, हे कृपा करून ध्यानात ठेवा.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. जमलेल्यांपैकी पुष्कळजणी त्या दिवशी होत्याच. आपण वीसेक बायका आणि दहा-बारा मुले होतो. सगळ्यांनी मिळून पाने खुडली आणि एका मोठ्या टोपलीत गोळा केली. माझ्या शेजारच्या जर्मन आजी कौतुकाने आपल्याबरोबर आल्या होत्या. पाने धुवायला त्या माझ्यासोबत बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी एक जोडपान उचलून बाजूला ठेवले. काही बोलल्या नाहीत. मग आणखी एक ठेवले. दोन पाने, खाली एकाच दांड्याला धरलेली, एक दुसऱ्याला मिठी मारून बसल्यासारखे. ती रानलसूण नव्हती. ते माइग्लोकशेन होते, मे महिन्यात घंटीसारखी सुवासिक फुले येतात ते. दिसायला गोड आणि सर्वांगी विषारी.

ती पाने एका लहान मुलीने खुडली होती. तिला त्या दिवशी कोणी रागावले नाही आणि पुढेही रागावू नये. तिने आपण सांगितले तसेच केले होते. अध्यक्षबाईंनी सगळी टोपली फेकून द्यायला लावली. तेव्हा काहीजणी हळहळल्या. 'दोन पाने काढली की झाले, बाकीची चांगलीच आहेत, वास तर सगळ्याला येतो आहे,' असे बोलणे माझ्या कानांवर आले. आज मी बोलते आहे ते त्या बोलण्याला उत्तर म्हणून.

विचार करा, आजींना ते पान ओळखता आले कशावरून? जोडी तुटलेली नव्हती म्हणून. मुलीने ती खालून उपटली होती. तिने वरच्या वर पाने तोडली असती तर शेकडो पानांत ती दोन पाने कोणाच्या बापालाही सापडली नसती. टोपलीतल्या पानाला देठ कुठून फुटला होता, शेजारी काय होते, जमिनीशी काय होते, हे काही उरत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे हे की, पान ओळखण्याच्या भरीस पडू नका, रोप ओळखा. आणि ते रानात, ते जमिनीत उभे असतानाच ओळखा. घरी आल्यावर नाही.

रोपापाशी उकिडवे बसा. उभ्याने वाकून ओढण्याची सवय सोडा. पानाचा देठ बोटाने जमिनीपर्यंत चाचपत न्या. रानलसणीच्या प्रत्येक पानाला स्वतःचा स्पष्ट देठ असतो, आणि तो एकटाच जमिनीतून वर येतो. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, दोन ते पाच सेंटिमीटर रुंद आणि हाताला मऊ. वरची बाजू चकचकीत, खालची मंद. खालून लकाकी नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माइग्लोकशेनला मी घंटुली म्हणते. नाव माझेच आहे, पण चालेल. घंटुलीची दोन, क्वचित तीन पाने एकाच दांड्यावर येतात आणि कोवळेपणी एकमेकांत गुंडाळलेली असतात. तिच्या पानाची खालची बाजू चकाकते. ही रानात असते तशी घरांच्या बागांतही हौसेने लावलेली असते, त्यामुळे 'आमच्या बागेतलीच पाने आहेत' ही काही खात्री नव्हे.

दुसरी आहे हेर्ब्स्टत्साइटलोझे. हिला मी अवेळी म्हणते, कारण ही पाने काढते वसंतात आणि फुलते शरदात, पाने जाऊन जमीन उघडी पडल्यावर, फिकट जांभळ्या रंगात. वसंतात आपण जातो तेव्हा तिचे फूल नसते, नुसती पाने असतात, आणि हाच घात आहे. तिच्या पानांना देठच नसतो. ती ट्यूलिपच्या पानांसारखी ताठ, जाडसर, एकातून एक जमिनीतून निघतात. उन्हाळा जवळ आला की पानांच्या मधोमध हिरवे बोंड दिसते. ते दिसले तर प्रश्नच मिटला, पण मार्च-एप्रिलात ते दिसेलच असे नाही. अवेळी मुख्यतः ओलसर कुरणांत राहते, परंतु नदीकाठच्या रानांत ती रानलसणीच्या गर्दीत शिरून उभी असते, आणि आपले रान नदीकाठचेच आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत रानलसूण समजून अवेळी खाऊन माणसे मेलेली आहेत. चांगली जाणती, आयुष्यभर रानात हिंडलेली माणसे.

तिसरी आरोनश्टाब. हिला नवे नाव नको, ही आपल्या अळवाच्या कुळातलीच. वाढलेले पान बाणाच्या टोकासारखे, मागे दोन कान असलेले, म्हणून ते कोणी फसून घेणार नाही. पण कोवळे पान कान फुटण्यापूर्वी लांबट असते. त्याच्या शिरा पाहा. रानलसणीच्या शिरा देठापासून टोकापर्यंत एकमेकींच्या बाजूने सरळ जातात, आणि आरोनश्टाबच्या शिरांची अळवासारखी जाळी असते. उजेडाकडे धरले की दिसते.

(येथे बाईंनी चारही पानांची स्वतः काढलेली चित्रे सभेत फिरविली.)

आता वासाची गोष्ट. 'पान चुरडून हुंगावे, लसणीचा वास आला तर घ्यावे' हे आपणां सर्वांना कोणी ना कोणी सांगितलेले आहे. खोटे नाही ते. घंटुलीला, अवेळीला लसणीचा वास नाही. पहिल्या पानापुरती ही परीक्षा उत्तम आहे. पण दहावे पान चुरडाल तेव्हा वास पानाचा येतो की तुमच्या बोटांचा? लसूण सोललेल्या हाताने कोथिंबीर निवडून पाहा, म्हणजे कळेल. टोपलीत तर एका तासात सगळ्याच पानांना एकच वास लागतो. गेल्या वर्षी त्या जोडपानांनासुद्धा लागला होता, मी हुंगून पाहिले होते. शिवाय आपल्यातल्या कित्येकींना सर्दीने या दिवसांत धड वास येत नाही. म्हणून वास हा साक्षीदार म्हणून बोलवावा, न्यायाधीश म्हणून नव्हे. वास नाही तर पान नक्की टाकावे. वास आहे एवढ्यावर मात्र घेऊ नये.

हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढून झाडाचे नाव सांगणारी सोय झाली आहे. माझी नातवंडे तिच्यावर फार खूष आहेत. फुलझाडांची नावे शिकायला ती जरूर वापरावी. पोटात जायचे पान तिच्या भरवशावर ठरवू नये, विशेषतः पान एकटे, तोडलेले असेल तेव्हा.

विषे कसली आहेत तेही ऐका, कारण ती आपल्याला परकी नाहीत. आपल्या अंगणात, बांधावर ती तिन्ही आहेत. घंटुलीत आहे ते हृदयाची गती बिघडवणारे विष, आपल्या कण्हेरीच्या विषाच्याच जातीचे. अवेळीत आहे कोल्चिसिन. हेच कोल्चिसिन आपल्या कळलावीत असते, पावसाळ्यात कुंपणावर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते त्या कळलावीत. आणि आरोनश्टाबमध्ये अळवाला खाज आणणाऱ्या सुया, फक्त पुष्कळ जालीम; तोंडाची आग होते, जीभ-ओठ सुजतात. अळवाला चिंच लावतो तशी हिला लावून काही उपयोग व्हायचा नाही, हे मागे कोणी विचारले होते म्हणून सांगते. कण्हेर आणि कळलावी मुलांच्या हाताला लागू नयेत म्हणून आपल्या आया डोळ्यांत तेल घालून बसत. इथे त्याच दोघी हिरव्या साध्या पानाच्या वेषात येतात, आणि आपण त्यांना टोपलीत जागा देतो.

कोल्चिसिनचे आणखी एक दुष्टपण आहे. ते शिजवून जात नाही आणि वाळवूनही जात नाही. खाल्ल्याबरोबर काही होत नाही. दोन ते सहा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. माणसाला वाटते बाहेरचे काही बाधले. नंतर थोडे बरे वाटते, आणि एक-दोन दिवसांनी आतले अवयव खचू लागतात. हेच द्रव्य डॉक्टर अगदी मोजक्या प्रमाणात वातरक्तावर देतात. औषध आणि विष यांत अंतर फार थोडे आहे. त्यावर ठेवणीतला उतारा असा रुग्णालयात मिळत नाही, लक्षणे सांभाळत राहावे लागते. म्हणून वेळ हाच उपाय. रानलसणीच्या जेवणानंतर कोणाला उलट्या-जुलाब झाले, तोंड भाजले, नाडी अडखळली, तर 'सकाळपर्यंत पाहू' म्हणू नका. म्युनिकच्या विषबाधा-मदतकेंद्राचा दूरध्वनी रात्रंदिवस चालू असतो: ०८९-१९२४०. माणूस अत्यवस्थ असेल तर सरळ ११२. घशात बोटे घालून उलटी करवू नका, दूध पाजू नका, आणि उरलेली पाने, चटणी, जे असेल ते टाकून न देता बरोबर न्या. जर्मन बोलायची भीती वाटते म्हणून नवऱ्याची वाट पाहत बसू नका. 'बेअरलाउख' आणि 'गिफ्ट' हे दोन शब्द पुरेत. गिफ्ट म्हणजे इकडे विष, हे नवीन आलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

बाजारातल्या जुडीबद्दल दोन शब्द. ताजी रानलसूण तजेलदार हिरवी असते, देठ ताठ असतो, कडा सुकलेल्या नसतात. पिवळे, चिकट पान टाकावे. फुले येण्यापूर्वीचे पान कोवळे आणि सुवासिक. फुले आल्यावर पान विषारी होते असा समज इकडेही आहे, तो खरा नाही; ते नुसते राठ होते आणि वास कमी होतो. ओल्या फडक्यात गुंडाळून शीतकपाटात एक-दोन दिवस टिकते. जुडी विकत आणलेली असली तरी पान न् पान पाहूनच घ्यावे. आपण तांदूळ दुकानातून आणला तरी निवडतोच ना?

रांधण्यात तुम्ही माझ्या गुरू आहात. एवढेच सांगते की फोडणीत तिचा वास जळून जातो. पिठले उतरवताना वरून चिरून घाला, थालीपिठात कच्चीच मळा. चटणीला भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, मीठ, लिंबू, बस्स. कळ्या मीठ घालून शिरक्यात मुरवल्या तर झकास लागतात. आजींनी दिलेली बाटली आमच्याकडे आठवडाभरही उरली नाही.

ज्यांना रानात जायची धास्ती वाटते त्यांनी रोपवाटिकेतून दोन रोपे आणून उत्तरेकडच्या गच्चीत, सावलीत, ओलसर मातीच्या कुंडीत लावावीत. माझ्याकडे तशी आहेत. खाण्याइतकी पाने यायला धीर धरावा लागतो, पण कुंडीत दुसरे काही उगवले तर लगेच दिसते.

आणि आता ज्यासाठी उभी राहिले ते. गावाकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या बायका फोडशी, शेवळे, टाकळा आणायला रानात जातात, तेव्हा लहान मुलगी पहिली काही वर्षे नुसती बरोबर हिंडते. आई हातात रोप देते, हे घे, हे नको, असे शंभरदा सांगते, आणि मग एक दिवस तिला एकटीला खुडू देते. आपल्याला या रानाची आई नाही. आपण मोठेपणी आलो, आणि पहिल्याच वर्षी मुलांसकट टोपल्या भरायला निघालो. म्हणून माझी सूचना आहे की यंदाच्या वनभोजनाला एकत्र टोपली ठेवू नये. जिने तोडले तिने आपल्या पिशवीत ठेवावे आणि आपल्या घरी खावे. दुसरीच्या ताटात वाढू नये. मुलांनी पाने दाखवावीत, तोडू नयेत. एका वेळी एक पान, कात्रीने, देठ पाहून. मूठ भरून ओढणे बंद. इथला कायदाही आपल्याला एवढेच देतो. २००९ च्या निसर्गसंरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे स्वतःपुरती, हाताच्या जुडीत मावेल एवढीच रानवनस्पती घेण्याची मुभा आहे, आणि राखीव रानात तीही नाही. वीस बायकांची भरलेली टोपली त्या मुभेत कशी बसत होती, हे एखाद्या वनरक्षकाने विचारले नाही हे आपले नशीब.

मंडळाची चटणी त्या दिवशी बाजारातल्या जुडीची करू. खर्च फार येणार नाही. तिची पाने निवडायला मी बसेन आणि शेजारच्या आजींनी यायचे कबूल केले आहे. त्यांची एकच अट आहे की निवडताना कोणी त्यांच्याशी गप्पा मारू नयेत. ही अट आपल्या मंडळाला जड जाईल असे मी त्यांना सांगितले आहे.

वनभोजनाआधीच्या शनिवारी, ज्यांना रोप जमिनीत उभे असताना पाहायचे असेल त्यांनी माझ्याबरोबर नदीकाठी यावे. त्या दिवशी काहीही तोडायचे नाही. अवेळीची एक जागा मी हेरून ठेवली आहे, रानलसणीच्या अगदी मधोमध. जुने बूट घालून या, तिथे चिखल असतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.